कोलंबसचा बर्फ आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा

घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या एका प्रचंड स्टेडियमच्या पायरीवर तुम्ही उभे आहात, आणि पहिली गोष्ट कळते ती ही, की पायाच्या बोटांना आता काहीच कळत नाही. २५ नोव्हेंबर १९५०, शनिवार. गाव कोलंबस, ओहायो. पारा उणे १२ सेल्सियसच्या आसपास, वारा ताशी ४० किलोमीटरहून जोराचा. बर्फ वरून पडत नाही, आडवा येतो. श्वास आत ओढला की नाकपुड्या चिकटतात.

खाली मैदानावर माणसं ताडपत्रीशी झटताहेत. गारठून ती जमिनीला चिकटून बसली आहे. प्रेक्षक मदतीला उतरलेत, बॉय स्काउटची पोरंही. तुम्हीही उतरा, एक कड धरा. हाताला ताडपत्री लागतच नाही, पत्रा लागतो.

ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. सामना खेळवायचा की नाही यावर दोन्ही विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी विचार केला आणि खेळवायचं ठरलं. तिकिटं विकली गेली होती ८२ हजारांवर. नोंद सांगते की आत आले ५०,५०३. हेच वादळ या आठवड्यात अमेरिकेच्या पूर्व भागात तीनशेहून जास्त माणसं घेणार आहे. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही ते अजून ठाऊक नाही.

खेळ सुरू होतो आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. पांढऱ्यावर पांढरं. फावडी-झाडू घेतलेली माणसं धावत येऊन मैदानावरच्या रेघा उघड्या करतात. पुढच्या क्षणी त्या पुन्हा बुजतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं असतं, आणि सरकता येत नसेल तर शेवटच्या प्रयत्नाला चेंडू लाथेनं लांब उडवून द्यायचा, म्हणजे पंट करायचा. आज मात्र पुष्कळदा पहिल्याच प्रयत्नाला पंट होतोय. हिशेब सरळ आहे: हा गोठलेला, निसरडा चेंडू आपल्या हातून सुटण्यापेक्षा समोरच्याच्या हातून सुटू दे. दिवसभरात ४५ पंट होतील. त्यातले २१ ओहायोच्या विक जानोविचचे. या मोसमाची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा मान, त्यालाच मिळणार आहे. ओहायोचे तीन गुणही त्यानंच मिळवलेत, या वाऱ्यात मैदानी गोल मारून. मग त्याचा एक पंट अडवला जातो, चेंडू मागच्या रेषेबाहेर जातो, मिशिगनला दोन गुण. तीन विरुद्ध दोन.

आता घड्याळाकडे बघा. मध्यंतराला मिनिटभरही उरलेलं नाही. ओहायो आपल्याच गोलाजवळ अडकलाय, तिसरा प्रयत्न. चेंडू पोटाशी धरून पडून राहिलं तर वेळ संपेल, असं तुमच्या मागचा माणूस ओरडतो. जानोविच मात्र पंटसाठी मागे सरतो. मिशिगनचा टोनी मॉम्सन आत घुसतो, लाथ त्याच्या अंगावर अडते आणि तो चेंडूवर झेप घेतो, थेट गोलरेषेपलीकडे. नऊ विरुद्ध तीन. उरलेल्या अर्ध्या खेळात एकही गुण होत नाही. मिशिगन एकदाही दहा यार्ड पूर्ण करत नाही आणि तरी जिंकतो.

मैदानाच्या कडेला उभा असलेला बेचाळीस वर्षांचा माणूस बघा. वेस फेस्लर, ओहायोचा कोच, याच विद्यापीठाचा एकेकाळचा नामांकित खेळाडू. याच वर्षाच्या २ जानेवारीला त्यानं रोझ बोल हा मानाचा सामना जिंकून दिला होता. पण मिशिगनविरुद्ध चार वर्षांत एकही विजय नाही, आणि या गावाला तेवढंच आठवतं. तिसऱ्या प्रयत्नाला पंट का? कारण चेंडू देता-घेताना सांडला तर आणखी एक प्रयत्न हाताशी राहतो. बधिर बोटांचा कोच असाच विचार करील. मला तो निर्णय चुकीचा वाटत नाही, फसला एवढंच. दोन आठवड्यांत फेस्लर राजीनामा देतो.

कोलंबसला तेव्हा कोचांची स्मशानभूमी म्हणत. दहा वर्षांत चार कोच झाले. लोकांना पॉल ब्राऊन परत हवा होता, १९४२ चं राष्ट्रीय विजेतेपद आणणारा.

पण तुम्ही माझ्याबरोबर त्याच शनिवारी, त्याच वादळात, नैऋत्येला सुमारे १७० किलोमीटरवर सिनसिनाटीला चला. तिथंही बर्फ आहे, तिथंही खेळाडूंची बोटं गोठलीत. मायामी विद्यापीठ, फ्लोरिडातलं नव्हे, ओहायोतलं, सिनसिनाटीला २८-० नं हरवतंय. कोचचं नाव वुडी हेज. १८ फेब्रुवारी १९५१ ला, अडतिसाव्या वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी, ओहायो स्टेटचं पद त्याला मिळतं.

पुढची उडी वीस वर्षांची. तेच स्टेडियम, तसाच झोंबरा नोव्हेंबर. तुम्ही लोकरीत गुरफटलेले, दात वाजताहेत. कडेला काळ्या टोपीतला एक आडदांड माणूस येरझाऱ्या घालतोय, हाच तो हेज. पांढरा सदरा, टाय, अर्ध्या बाह्या. कोट नाही. उघडे हात लालबुंद झालेत. खेळाडू त्याच्याकडे बघतात आणि हुडहुडीबद्दल बोलण्याची सोय उरत नाही. शब्द न उच्चारता तो हेच शिकवत होता, असं मी मानतो. २८ मोसम, पाच राष्ट्रीय विजेतेपदं, मिशिगनविरुद्ध सोळा विजय. त्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तरीही स्टेडियममधून निघताना फेस्लरची आठवण ठेवा. थंडीला घाबरणारा म्हणून त्याच्याकडे बघू नका. राजीनाम्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १९५१ मध्ये, त्यानं नवी नोकरी धरली. मिनेसोटा विद्यापीठात, कोलंबसहून कितीतरी उत्तरेला, जिथला हिवाळा ओहायोहून खूप कडक असतो. तिथं तो तीन मोसम मैदानाच्या कडेला उभा राहिला.