वेळासची कासवं आणि वेळासचे पाहुणे

नाना फडणविसांचं मूळ गाव, एवढीच वेळासची ओळख कितीतरी वर्षं होती. रत्नागिरी जिल्ह्याच्या पार उत्तरेला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या किल्ल्याशेजारी वसलेलं हे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, थोडा आंबा आणि कर्ता मुलगा मुंबईला. मनिऑर्डरवर जगणाऱ्या कोकणात यात नवल ते काय!

किनाऱ्यावर मात्र हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वर येई, मागच्या पायांनी हातभर खड्डा खणी, शंभरेक अंडी घाली, वाळू लोटून परत जाई. उजाडलं की तिचा माग काढत माणसं ती अंडी उकरत; उरलीसुरली कोल्ह्याकुत्र्यांची. 1972च्या वन्यजीव कायद्याने या कासवांना संरक्षण दिलं खरं, पण रात्रीच्या वाळूवर पहारा कोण देणार?

2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी समुद्री गरुडाची पाहणी करत इथे आले, तेव्हा त्यांना अंड्यांची टरफलं दिसली. त्यांनी गावातल्याच माणसांना हाताशी धरलं, आणि सगळी मेख इथेच आहे. माग ओळखण्यात ज्यांची नजर तयार होती, तेच राखणीला आले. पहाटे किनारा तुडवायचा, घरटं सापडलं की अंडी अलगद उचलायची आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. वर टोपली पालथी. पन्नासेक दिवसांनी ती उचलली की खाली तळहातावर मावतील अशी काळपट पिल्लं वळवळताना दिसतात. मग ती पाण्यापासून थोडी अलीकडे वाळूवर सोडतात. पुढचं अंतर त्यांचं त्यांनी तोडायचं.

हे बघायला लोक येतील, या हिशेबाने 2006च्या सुमारास कासव महोत्सव सुरू झाला. गावात हॉटेल नव्हतं, ते बरंच झालं. पाहुणे घरांतच उतरले. जेवायला आमटी-भात, सोलकढी, कधी उकडीचे मोदक. पैसा दलालाकडे न जाता थेट चुलीपाशी आला. बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून गाड्या येऊ लागल्या. राखण करणाऱ्या ‘कासवमित्रां’ना वनखात्याचं मानधन मिळू लागलं. पुढे आंजर्ल्यानेही हाच कित्ता गिरवला. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा.

अडचण अशी, की पिल्लांना शनिवार-रविवार कळत नाही. मुंबई-पुण्याहून रात्रभर गाडी हाकत आलेला पाहुणा कधी रिकामी टोपली बघून परततो, आणि बोलणी यजमानाला खावी लागतात. शिवाय हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यावर तरुणाचं वर्षाचं भागत नाही. गावात राहिलेल्याला पिल्लांच्या मागोमाग आंब्याकडे वळावं लागतं, आणि मुंबईची वाट अजून वाहतीच आहे.