भाईंदर, मोडी आणि पायथॉनच्या आवृत्त्या

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एका आवृत्तीत उत्तीर्ण होणारी चाचणी, म्हणजे प्रोग्रॅमचे उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणारा छोटा प्रोग्रॅम, दुसऱ्या आवृत्तीत नापास झाली तरी दोष प्रोग्रॅमचाच असतो असे नाही. मराठी मजकुराच्या बाबतीत तो पुष्कळदा लिपीच्या संगणकीय इतिहासात सापडतो. युटीएफ-८ संकेतनाच्या फाइलमध्ये ‘भाईंदर’ हे नाव साध्या अवतरणचिन्हांत लिहून त्याची लांबी विचारली, तर पायथॉन २.७ कडून १८ आणि डिसेंबर २००८ मधल्या ३.० पासून पुढे ६ असे उत्तर येते, कारण जुनी आवृत्ती बाइट मोजते, तर नवी संकेतबिंदू, म्हणजे मुळाक्षर, काना, अनुस्वार यांना युनिकोडने दिलेले स्वतंत्र क्रमांक, मोजते. (मराठी वाचक चार अक्षरे मोजेल, ते दोघींनाही मान्य नाही.)

मोडीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. भाईंदर पश्चिमेचा धारावी किल्ला मराठ्यांनी ज्या १७३७–३९ च्या वसई मोहिमेत घेतला, तिचा पत्रव्यवहार मोडीत चालला. पण अंशुमान पांडे यांच्या प्रस्तावानंतर ही लिपी युनिकोडमध्ये आली ती जून २०१४ च्या ७.० आवृत्तीत. मार्च २०१४ ची पायथॉन ३.४ युनिकोड ६.३ चा तक्ता, म्हणजे संकेतबिंदूंच्या माहितीची यादी, घेऊन निघाली होती, त्यामुळे मोडी ‘अ’ हे अक्षर आहे का या प्रश्नाला ती नकार देते, आणि ८.० चा तक्ता असलेली, सप्टेंबर २०१५ ची ३.५ होकार देते. शिवाय मोडीचे संकेतबिंदू पहिल्या ६५,५३६ क्रमांकांच्या पलीकडचे असल्याने ३.२ पर्यंतच्या पायथॉनच्या ‘अरुंद’ बांधणीत, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक घटकाला दोनच बाइट देणाऱ्या संकलित रूपात, एका अक्षराची लांबी २ भरे आणि ‘रुंद’ बांधणीत १. विंडोजवरची नेहमीची बांधणी अरुंद, अनेक लिनक्स वितरणांतली रुंद, म्हणून आवृत्ती एकच असूनही दोन संगणकांची उत्तरे जुळत नसत. २०१२ च्या ३.३ ने हा भेद मिटवला.

अडचणीची चाचणी जुन्या आवृत्तीत वगळण्याची सोय पायथॉनच्या युनिटटेस्ट या चाचणी-संचात २.७ पासून आहे आणि ती जरा सैल हातानेच वापरली जाते. मोडीसाठी वगळण्याची अट पायथॉनच्या क्रमांकावर न ठेवता तक्त्याच्या क्रमांकावर ठेवणे अधिक नेमके ठरते. लांबीच्या वादात मात्र तक्त्याचा काही संबंध नसतो. तेथे बांधणीला मावणारा सर्वांत मोठा संकेतबिंदू विचारावा लागतो, आणि तो अरुंद बांधणीत ६५,५३५, तर रुंद बांधणीत ११,१४,१११ असा मिळतो.