बाहेरून केलेली पदवी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘बाहेरून बी. ए. केलंय’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलं आहे. लग्नाच्या बोलणीत ऐकलं आहे, नोकरीच्या मुलाखतीत ऐकलं आहे. ते सांगताना सांगणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो आणि ऐकणाऱ्याची भुवई थोडी वर जाते. मी इतिहासाचा शिक्षक. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात नोकरी करत असताना बरीच वर्षं रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून जात असे. त्यामुळे तो आवाज आणि ती भुवई, दोन्ही माझ्या ओळखीची. आता घरी बसून, मोबाइलवर तासिका ऐकून पदवी घेता येऊ लागली आहे आणि तीच भुवई पुन्हा वर गेलेली दिसते. म्हणून या ‘बाहेरून’ची थोडी कुळकथा आज सांगणार आहे.

गोष्ट लंडनमध्ये सुरू होते. १८३६ साली स्थापन झालेलं लंडन विद्यापीठ शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई. शिकवण्याचं काम संलग्न महाविद्यालयांचं. तिथल्या हजेरीचा दाखला आणला तरच परीक्षेला बसता येई. १८५८ मध्ये वैद्यकशाखा सोडून इतरांसाठी ही दाखल्याची अट काढून टाकण्यात आली. म्हणजे तुम्ही कुठे शिकलात, कोणाकडे शिकलात, हे विद्यापीठ विचारणार नाही; पेपर नीट लिहा आणि पदवी घेऊन जा. महाविद्यालयाची फी न परवडणाऱ्या, नोकरी न सोडता येणाऱ्या माणसांना एक दार उघडलं. पुढे प्रसिद्ध झालेला लेखक एच. जी. वेल्स याने १८९० मध्ये बी. एस्सी. केली ती अशीच, बाहेरून.

आता आपल्याकडची गंमत पाहा. १८५४ च्या वुडच्या खलित्यात हिंदुस्थानातल्या विद्यापीठांसाठी नमुना म्हणून नाव घेतलं होतं ते याच लंडन विद्यापीठाचं. त्यानुसार १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, आणि तेही शिकवत नव्हतं. १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. ते शिकले एल्फिन्स्टनमध्ये; विद्यापीठाने त्यांची फक्त परीक्षा घेतली. विद्यापीठांनी स्वतः शिकवावं, ही तरतूद १९०४ च्या कायद्याने झाली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं आमची विद्यापीठं पेपर काढत होती, तपासत होती आणि पदव्या देत होती. ‘विद्यापीठात न शिकता मिळवलेली पदवी’ म्हणून ज्याला नाक मुरडायचं असेल, त्याला सुरुवात फार वरून करावी लागेल!

पण इथे एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. रानड्यांना विद्यापीठाने शिकवलं नसलं तरी एल्फिन्स्टनमध्ये शिक्षक होते, ग्रंथालय होतं, सोबत वाद घालायला भांडारकर होते. १८५८ नंतर लंडनची परीक्षा बाहेरून देणाऱ्याला यातलं काहीच मिळत नव्हतं. अभ्यासक्रमाचा कागद आणि परीक्षेची तारीख, एवढंच. अडलं तर विचारायचं कोणाला? ही उणीव पत्राने शिकवणाऱ्या खासगी संस्थांनी पैसे घेऊन भरून काढली. वेल्स स्वतःच अशा एका संस्थेत शिकवत होता. बाहेरून शिकणाऱ्याची खरी अडचण तेव्हापासून आजपर्यंत एकच आहे आणि ती पुस्तकांची नाही, विचारायला माणूस नसण्याची आहे.

आपल्याकडे पोस्टाने पदवीचं शिक्षण सुरू झालं ते १९६२ साली, दिल्ली विद्यापीठात. पुढे इतर विद्यापीठांनी तो कित्ता गिरवला. धड्यांचे गठ्ठे टपालाने यायचे. अनेकांना ते वेळेवर मिळत, अनेकांना परीक्षा झाल्यावर मिळत.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये वेगळा विचार चालू होता. १९६३ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगोच्या भाषणात ‘हवेतल्या विद्यापीठा’ची कल्पना मांडली. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून शिकवायचं. आज मीही हवेतूनच बोलतो आहे, त्यामुळे ही कल्पना मला जवळची वाटते. जेनी ली या मंत्रीणबाईंनी ती जिद्दीने पुढे रेटली, आणि ‘ओपन युनिव्हर्सिटी’ला १९६९ मध्ये सनद मिळाली. १९७१ च्या जानेवारीत शिकवणं सुरू झालं. प्रवेशाला आधीच्या परीक्षेची अट नव्हती. रात्री-अपरात्री आणि भल्या पहाटे बीबीसीवर लागणारी त्यांची व्याख्यानं तिकडच्या दोन पिढ्यांच्या आठवणीत आहेत; ती २००६ मध्ये बंद झाली. पण माझ्या मते त्या विद्यापीठाचं यश हवेत नव्हतं, जमिनीवर होतं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक शिक्षक नेमून दिलेला असे. तो स्वाध्याय तपासून त्यावर शेरे लिही, आणि जवळपासच्या केंद्रात भेटेही.

हे आपल्याकडे कोणी ओळखलं आणि कोणी नाही, हे पाहण्यासारखं आहे. १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ लागू लागला. कार्यक्रम चांगले, पण इंग्रजीतून आणि भर दुपारी. आमच्याकडे तो चालू असे तेव्हा समोर फक्त आजी असे, आणि तीही पेंगत. मुक्त विद्यापीठांचा मार्ग निराळा होता. १९८२ मध्ये हैदराबादला आंध्र प्रदेशचं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले. त्यांनी पाठ्यपुस्तकं मराठीतून, स्वतः वाचून समजतील अशी लिहवून घेतली, आणि गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं उघडली. बारावी नसलेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला.

त्या दारातून माझ्या वर्गात एसटीचे एक कंडक्टर आले. दहावीनंतर शाळा सुटलेली, वय चाळिशीच्या पुढे. मुक्कामाची गाडी घेऊन गेले की रात्री गाडीतच, दिव्याखाली पुस्तक उघडायचे. त्यांच्या स्वाध्यायाच्या कागदांना डिझेलचा वास यायचा. रविवारी सुट्टी मिळाली तर येत, नाही तर आठवड्याचे प्रश्न तिकिटाच्या कोऱ्या कागदांवर लिहून एखाद्या प्रवाशाबरोबर पाठवत. एकदा त्यांनी विचारलं होतं, ‘सर, फ्रान्समधल्या शेतकऱ्यांनी सारा का नाही भरला, ते पुस्तकात आहे, पण पुढे त्यांचं झालं काय?’ नियमित वर्गात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मला उत्तर वाचून द्यावं लागलं. ते बी. ए. झाले. मात्र बढतीसाठी एका कार्यालयात पदवी दाखवली तेव्हा टेबलामागच्या माणसाने विचारलं, ‘बाहेरून ना?’ आणि कागद बाजूला ठेवला.

त्या संशयाला काही आधार नव्हता, असं म्हणणं खोटं होईल. प्रयोगशाळेशिवाय पत्राने अभियांत्रिकीच्या पदव्या वाटण्यापर्यंत काही अभिमत विद्यापीठांची मजल गेली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना चाप लावला. २००१ ते २००५ मधल्या प्रवेशांच्या पदव्या स्थगित करून त्या लोकांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली. बारा-पंधरा वर्षं नोकरी केलेले अभियंते परत परीक्षेच्या बाकावर बसले. चूक दुकानदाराची, शिक्षा बऱ्याच अंशी गिऱ्हाइकाला.

दुसरीकडे दार रुंदही होत गेलं. २०१७ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ‘स्वयम्’ सुरू केलं. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, मद्रास आयआयटीने संगणकावरून पदवीचा अभ्यासक्रम जाहीर केला. त्याला जेईई लागत नाही. काही आठवड्यांचा पाठ आधी शिकवतात आणि त्यावरच पात्रता परीक्षा घेतात. शिकायचं घरी, पण मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. अगदी १८५८ चंच लंडन! सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी.

तेव्हा आता कागदाचा प्रश्न बराचसा मिटला. माझ्या मनातला प्रश्न दुसरा आहे. तासिका हजारो झाल्या, पाहिजे तितक्या वेळा मागे नेऊन ऐकता येतात. आम्हा समंत्रकांपेक्षा सरस शिकवणारे त्यात आहेत. पण शेरा कोण लिहितो? एखादा मुलगा तीन आठवडे दिसला नाही, तर त्याच्या गावच्या माणसाकडे निरोप कोण धाडतो? अर्ध्यात सोडून गेलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. बुद्धी कमी म्हणून गेलेला त्यात एखादाच. बाकीचे गेले ते कोणी बोलावलं नाही म्हणून.

त्या कंडक्टरांची मुलगी एका दवाखान्यात नोकरी करून ऑनलाइन पदवी करते आहे. घरात रेंज नाही, म्हणून ती रात्री गच्चीवर बसते आणि वडील टॉर्च घेऊन तिच्याजवळ बसतात. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. संख्याशास्त्रात अडलं होतं. मी म्हटलं, बाई गं, मी इतिहासाचा माणूस. ती म्हणाली, ‘माहीत आहे सर, बाबा म्हणाले तरी विचार.’ मग आमच्या महाविद्यालयातल्या संख्याशास्त्राच्या बाईंकडे तिला रविवारी घेऊन गेलो.