ई-पत्राची पत

वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथून विंध्यशक्ती दुसरा या राजाने चौथ्या शतकात दिलेला एक ताम्रपट १९३९ साली प्रकाशात आला. असा ताम्रपट खरा की बनावट, हे अभ्यासक कसे ठरवतात? राजमुद्रा ही पहिली खूण. पण मुद्रेची नक्कल होऊ शकते, आणि बनावट दानपत्रे आपल्या देशात कमी सापडलेली नाहीत. म्हणून अक्षरांचे वळण, वंशावळ, वाकाटकांच्या पुष्कळ ताम्रपटांत आरंभी येणारा ‘दृष्टम्’ हा शब्द, असे सारे त्याच घराण्याच्या इतर लेखांशी ताडून पाहिले जाते. ‘हा कोण’ हा एक प्रश्न, आणि ‘हा नेहमी असाच वागतो का’ हा दुसरा.

ई-मेलच्या जगाला हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे उमगायला बरीच वर्षे लागली. तो इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असे आम्हाला वाटते. निकालाच्या किंवा प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयाने धाडलेली सूचना विद्यार्थ्याच्या ‘स्पॅम’ कप्प्यात पडून राहते आणि मुदत टळते, त्याचे कारण या इतिहासात आहे.

आरंभी दोन्ही प्रश्न नव्हतेच. आपल्याकडे १९८६-८७ च्या सुमारास ‘अर्नेट’ प्रकल्पात मुंबईचे एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात संगणकावरून पत्रे जाऊ लागली, तेव्हा पाठवणारे बोटांवर मोजण्याइतके होते. सगळेच एकमेकांना ओळखत. अमेरिकेत मात्र जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्येच एका टिपणात धोका दाखवला होता: नको असलेली पत्रे वेचून नाकारण्याची सोय संगणकाला नाही. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुअर्क यांनी सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. ती पहिली स्पॅम मानली जाते. तरीही १९८२ साली पोस्टेल यांनीच ई-मेलचे जे नियम लिहिले, त्यांत पाकिटावर प्रेषकाचे नाव कोणीही काहीही लिहावे, अशी मोकळीक राहून गेली. ज्यांनी ते वापरायचे होते ते सारे सज्जन होते, एवढेच त्याचे समर्थन करता येईल.

१९९० च्या दशकात व्यापारी इंटरनेट आले आणि सज्जनपणा पुरेना. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाईट वागणाऱ्या संगणकांच्या पत्त्यांची काळी यादी चालवायला घेतली. पत्र आले की घेणारा सर्व्हर यादी पाहतो आणि पत्ता तीत असेल तर दार लावतो. उपाय चांगला, पण ज्याने अजून गुन्हा केलेला नाही त्याच्याविषयी यादी काहीच सांगत नाही. पुढे चोरांनी विषाणू पसरवून घरोघरचे संगणक ताब्यात घेतले. महिनोन् महिने गप्प असलेला संगणक एका रात्रीत हजारो पत्रे ओकू लागला.

२००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी एक गमतीदार युक्ती सुचवली. अनोळखी सर्व्हरला ‘आत्ता नको, थोड्या वेळाने या’ असे सांगायचे. प्रामाणिक सर्व्हर पत्र जपून ठेवतो आणि पुन्हा येतो. चोराला घाई असते, तो फिरकत नाही. प्रेषकाची पारख मजकुरावरून न करता वागण्यावरून करण्याचा हा एक नमुना होता.

मुद्रेचा प्रश्नही याच सुमारास सुटला. २००६ आणि २००७ मध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम ही दोन मानके अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. पहिल्यात संस्था आपली पत्रे कोणत्या संगणकांवरून निघतील हे जाहीर करते. दुसऱ्यात पत्रावर गणिती सही असते. पण सही खरी असली तरी सही करणारा चांगला असतोच असे नाही. जीमेलच्या ब्रॅडली टेलर यांनी २००६ च्या एका शोधनिबंधात पुढची पायरी मांडली: ओळख पटलेल्या प्रत्येक प्रेषकाची वही ठेवायची. त्याच्या पत्रांपैकी किती स्पॅम ठरली, किती वाचकांनी स्वतः ‘हे स्पॅम’ म्हणून कळवले, किती जणांनी उलट ‘हे स्पॅम नाही’ म्हणून बाहेर काढली, यांवरून त्याची पत काढायची.

येथे सातत्याचा संबंध येतो. पत हे शेवटी एक गुणोत्तर आहे, आणि थोड्या नमुन्यांवरून काढलेले गुणोत्तर डळमळीत असते. दहा पत्रांत एक तक्रार आली तर ती दहा टक्के; ते दुर्दैव की दुर्वर्तन, हे कळत नाही. दहा हजार पत्रांत दहा तक्रारी आल्या तर अंदाज भक्कम. शिवाय ही वही जुनी होत जाते, कारण संगणकाचा मालक बदलतो, खाते चोरीला जाते.

आता असे समजा की रिसोड किंवा कारंजा येथील एखादे महाविद्यालय रोज वीस पत्रे पाठवते, आणि निकालाच्या दिवशी एकदम सहा हजार. गाळणीच्या डोळ्यांना हे चित्र आणि ताब्यात घेतलेल्या संगणकाचे चित्र सारखेच दिसते. त्यात चार वर्षांपूर्वीच्या यादीतले बंद पडलेले पत्ते असले, तर संशय पक्का होतो. प्राचार्यांचा हेतू गाळणीला ठाऊक नसतो.

म्हणून मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणारे नवा पत्ता ‘तापवून’ घेतात: पहिल्या दिवशी थोडी पत्रे, तीही उघडून वाचणाऱ्यांना, मग हळूहळू जास्त. मात्र सातत्य हा सद्गुण नव्हे. रोज नियमाने स्पॅम पाठवणाऱ्याची पत नियमाने घसरते. सातत्यामुळे वागणूक मोजता येते, एवढेच.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला एसपीएफ आणि डीकेआयएम ही दोन्ही मानके पाळावी लागतात आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. पत्रांची संख्या हळूहळू वाढवा, एकदम लोट सोडू नका, असेही गूगलच्या सूचनांत आहे.

आमच्या मते यात छोट्या संस्थांवर थोडा अन्याय होतो. वर्षातून दोनदाच बोलणाऱ्याने सातत्य आणायचे कोठून? दर पंधरवड्याला विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे एखादे पत्र धाडावे, यादीतले बंद पत्ते काढून टाकावेत, निकालाची पत्रे दोन-तीन दिवसांत विभागून पाठवावीत, एवढे शक्य आहे. आणि ज्या सूचनेची मुदत दोन दिवसांत संपते, ती फलकावर खडूनेही लिहावी.