अबोल शहराचे सूर

मुलाकडे स्टॉकहोमला गेलो, तेव्हा पहिली जाणवली ती शांतता. १९५० साली सुरू झालेल्या भुयारी रेल्वेतही माणसे हळू बोलतात. अशा अबोल शहरातला 'आब्बा' हा चौघांचा संच १९७४ मध्ये युरोपभर गाजला, याचे नवल वाटले. पण तिथल्या नगरपालिका १९४० च्या दशकापासून मुलांना अल्प शुल्कात वाद्ये शिकवीत आल्या आहेत! पं. रविशंकरांना १९९८ चा पोलर संगीत पुरस्कार मिळाला तो याच शहरात.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात हे काम गावोगावची भजनी मंडळे फुकट करतात. शेगावच्या पालखीत त्याचा प्रत्यय येतो. पण शाळेत संगीताचा तासच नसेल, तर उद्या मृदंगाला हात कुणाचे मिळणार? मंडळी, तुमच्या गावी काय स्थिती आहे?