शांततेचा पाया आणि ग्रामसभा : मेंढा (लेखा) येथील अनुभव

१९८० नंतर नक्षलवादी चळवळ गडचिरोलीच्या जंगलात पसरली आणि आदिवासी गावे दोन बंदुकांच्या कात्रीत सापडली. याच काळात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने निराळा मार्ग स्वीकारला. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेची साथ यांतून ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजली. २००९ मध्ये गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडावे लागले. केवळ शस्त्रे थांबणे म्हणजे शांतता नव्हे. जंगलाविषयीचा निर्णय गावाकडे येणे हाच तिचा पाया होय. नागरी संस्थांचे कार्य गावाच्या वतीने बोलण्याचे नसून गावाला बोलते करण्याचे आहे, हे येथे सिद्ध होते.