मुळाशी कुरळे, टोकाशी सरळ : कंडिशनरची निवड कशी करावी?

धुळे, प्रतिनिधी

लग्नसराई तोंडावर आली, की पार्लरमध्ये केस सरळ करून घेणाऱ्यांची वर्दळ वाढते. ‘रिबॉन्डिंग’, ‘स्मूदनिंग’, ‘केराटिन’ हे शब्द धुळे-जळगावातील तरुणींना आता नवे राहिलेले नाहीत. समारंभ पार पडतो, छायाचित्रेही सुरेख येतात. खरा प्रश्न उभा राहतो तो चार-सहा महिन्यांनी. मुळाशी मूळचे कुरळे किंवा लाटदार केस डोकावू लागतात आणि खाली सरळ, गुळगुळीत केस तसेच लोंबत राहतात. शाम्पू करावा तर सरळ केस कोरडे पडून तुटतात, करू नये तर डोके चिकट होते. या पेचातून मार्ग म्हणून अनेक जणी शाम्पू बाजूला ठेवून केवळ कंडिशनरने केस धुऊ लागल्या आहेत. ही पद्धत उपयोगी पडू शकते. मात्र त्यासाठी कोणताही कंडिशनर चालत नाही. तो निवडावा कसा आणि वापरावा कसा, याची ही माहिती.

एका डोक्यावर दोन प्रकृतींचे केस

केसाचा मुख्य घटक म्हणजे केराटिन हे प्रथिन. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी, म्हणजेच डायसल्फाइड बंधांनी, एकमेकींना जखडलेल्या असतात. केस कुरळा राहणार की सरळ, हे बऱ्याच अंशी या बांधणीवर ठरते. रिबॉन्डिंगमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेटसारखे रसायन वापरून हे बंध सोडवले जातात, तापलेल्या इस्त्रीने केस सरळ केले जातात आणि ‘न्यूट्रलायझर’ लावून बंध पुन्हा जुळवले जातात. ‘रिलॅक्सर’ या नावाने मिळणाऱ्या क्रीममध्ये सोडियम हायड्रॉक्साइड किंवा ग्वानिडीन हायड्रॉक्साइड असते आणि त्याने घडलेला बदल कायमचा असतो. केराटिन उपचाराचा परिणाम मात्र काही महिन्यांत ओसरतो.

एक गोष्ट या सर्व प्रकारांना लागू आहे. रसायन फक्त बाहेर आलेल्या केसावर काम करते, त्वचेखालील मुळावर नाही. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे सहा महिन्यांत सहा-सात सेंटिमीटर नवा, मूळच्या प्रकृतीचा केस वर येतो. जुना आणि नवा केस जिथे मिळतात तो सांधा सर्वांत नाजूक असतो. ओला केस ताणला, घासला किंवा घाईने विंचरला, की तो बहुधा याच ठिकाणी तुटतो.

अशा वेळी ‘पुन्हा एकदा सगळेच सरळ करून टाकू’ हा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु आधीच प्रक्रिया झालेल्या केसावर तीच प्रक्रिया पुन्हा करणे म्हणजे तुटीला आमंत्रण होय. थायोग्लायकोलेट वापरलेल्या केसावर हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर, किंवा उलट, लावल्यास केस मुळापासून तुटून हाती येऊ शकतात. धोका केसांपुरताच नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२४ साली एका २६ वर्षीय तरुणीची हकिगत प्रसिद्ध झाली. केस सरळ करण्याच्या उपचारानंतर २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वेळा तिच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली होती आणि वापरलेल्या क्रीममध्ये ग्लायऑक्झिलिक आम्ल आढळले होते. म्हणूनच दोन उपचारांमधील अंतर जितके वाढवता येईल तितके बरे. ते वाढवायचे तर मधल्या काळात केस सांभाळणे आले.

कंडिशनरने केस स्वच्छ होतात का?

होतात, पण मर्यादित प्रमाणात. शाम्पूतील फेस देणारी द्रव्ये ऋणभारित असतात. ती तेल आणि मळ जोरकसपणे ओढून नेतात. कंडिशनरमधील द्रव्ये धनभारित असतात. ती केसाला चिकटून त्याला मऊपणा देतात. त्याचबरोबर थोडा तेलकटपणा आणि मळही सैल करतात. उरलेले काम बोटांचे चोळणे आणि भरपूर पाणी करते. रसायनाने केसावरील नैसर्गिक स्निग्ध थर निघून गेलेला असतो आणि असा केस अधिक ऋणभारित होतो. त्यामुळे कंडिशनर निरोगी केसापेक्षा अशा केसाला अधिक घट्ट धरतो. सरळ केलेल्या केसाला त्याचा विशेष गुण येतो तो यामुळेच.

ही पद्धत मूळची आपल्याकडची नाही. कुरळ्या केसांच्या स्त्रियांमध्ये ती रुजली आणि लॉरेन मॅसी यांच्या २००१ मधील ‘कर्ली गर्ल’ या पुस्तकाने तिचा जगभर प्रसार केला.

बाटलीची मागची बाजू वाचा

‘सिल्की’, ‘स्मूद’, ‘डॅमेज रिपेअर’ हे बाटलीच्या दर्शनी भागावरचे शब्द निवडीसाठी फारसे उपयोगाचे नाहीत. उपयोगी असते ती मागची बारीक अक्षरांतील यादी. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात; एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने देता येतात. म्हणून पहिली सहा-सात नावे सर्वांत महत्त्वाची. ती इंग्रजीत असतात. त्यांचे उच्चार आणि अर्थ पुढीलप्रमाणे :

• सेट्रिमोनियम क्लोराइड : हलके धनभारित द्रव्य. केवळ कंडिशनरने धुण्यासाठी हे असलेला कंडिशनर सोयीचा, कारण तो पाण्याने लवकर निघतो.

• बेहेनट्रिमोनियम क्लोराइड किंवा मेथोसल्फेट : याने केस निसरडे होतात व गुंता सहज सुटतो. सांध्यापाशी गुंता होत असेल तर हे हवेच. प्रमाण फार असल्यास पातळ केस मात्र चपटे दिसतात.

• सेटिल, सेटिअरिल, स्टिअरिल अल्कोहोल : ‘अल्कोहोल’ या शब्दाने दचकू नये. ही मेणासारखी स्निग्ध द्रव्ये आहेत आणि ती केस कोरडे करत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ‘अल्कोहोल डिनॅट’ यादीत वर असेल तर मात्र टाळावे.

• डायमेथिकोन : हे सिलिकोन केसाला चमक देते, पण पाण्यात विरघळत नाही. ते काढायला शाम्पू लागतो. शाम्पूच वापरायचा नसेल तर प्रत्येक धुण्यागणिक त्याचा थर चढत जातो. पहिल्या सहा-सात नावांत ते असेल तर तो कंडिशनर या पद्धतीसाठी घेऊ नये.

• अमोडायमेथिकोन : हेही सिलिकोनच, परंतु ते मुख्यतः खराब झालेल्या भागावर बसते आणि त्याचा थर तुलनेने कमी साचतो. यादीत खाली असेल तर चालते.

• ‘पेग’ने सुरू होणारी सिलिकोन, उदाहरणार्थ पेग-१२ डायमेथिकोन : पाण्यात विरघळणारी, म्हणून निर्धोक.

• हायड्रोलाइझ्ड केराटिन, गव्हाचे किंवा रेशमाचे प्रथिन : सरळ केलेल्या, सच्छिद्र झालेल्या भागाला तात्पुरता आधार देते. रोज वापरल्यास केस ताठ वाटू लागतात. तीन-चार धुण्यांतून एकदा पुरे.

• मिनरल ऑइल, पेट्रोलॅटम, शिया बटर : टाळूवर जड होतात. फक्त टोकांसाठी ठीक.

• मिथाइलआयसोथायझोलिनोन : काहींना ॲलर्जी देणारे परिरक्षक. युरोपीय संघाने २०१७ पासून ते अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत वापरण्यास बंदी केली आहे. एरवी केसांच्या लांबीवर लावायचा कंडिशनर आपण इथे टाळूवर चोळणार असतो, त्यामुळे संवेदनशील त्वचा असलेल्यांनी हे नाव जरूर शोधावे.

थोडक्यात, टाळूसाठी हलका, अविद्राव्य सिलिकोन नसलेला कंडिशनर आणि लांबीसाठी थोडा जड, निसरडेपणा देणारा कंडिशनर, अशी दोन बाटल्यांची जोडी सर्वांत चांगली. एकच घ्यायचा असेल तर हलका घ्यावा. या पद्धतीत नेहमीच्या तीन-चार पट कंडिशनर लागतो, हे ध्यानात घेऊन महागड्या लहान बाटलीपेक्षा साध्या मोठ्या बाटलीचा विचार करावा. आधी मात्र पुडी किंवा लहान बाटली आणून पारखून पाहावी.

खानदेशचे पाणी आणि ऊन

परदेशी पुस्तकातील सल्ला येथे जसाच्या तसा लागू होत नाही, याचे पहिले कारण पाणी. धुळे शहराला तापी नदी, नकाणे व डेडरगाव तलाव आणि पांझरेवरील अक्कलपाडा धरणातून पाणी मिळते. परंतु अनेक घरांत वापराचे पाणी कूपनलिकेचे असते. भूगर्भातील पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असण्याचा संभव असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली जाते आणि पर्यायी स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. साबणाला फेस येत नसेल आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आहे असे समजावे.

जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसावर बसतो, तसा कंडिशनरचा बसत नाही. मात्र क्षार स्वतंत्रपणे बसतात आणि रसायनाने खराब झालेला केस ते अधिक ओढून घेतो. त्यासाठी घटकांत डायसोडियम इडीटीए किंवा सायट्रिक ॲसिड असलेला कंडिशनर निवडावा. शेवटचे एक-दोन तांबे पाणी नळाचे किंवा गाळणयंत्रातील शुद्ध पाणी असावे. गाळणयंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी साठवून त्याने केस धुणे अयोग्य होय. त्यात क्षारांचे प्रमाण मूळ पाण्याहूनही अधिक असते.

दुसरे कारण हवा. एप्रिल-मे महिन्यांत धुळे, जळगाव, भुसावळचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी असते. अशा हवेत न धुता केसात राहू देण्याच्या, म्हणजे ‘लीव्ह-इन’ प्रकारच्या, ग्लिसरीनयुक्त कंडिशनरचा उपयोग कमी होतो. उन्हाळ्यात टोकांना खोबरेल तेलाचे दोन थेंब अधिक उपकारक. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनात दिसून आले आहे. मात्र डोकेभर तेल चोपडून नंतर केवळ कंडिशनरने धुण्याचा प्रयत्न करू नये. ते निघणार नाही. दुचाकीवरून जाताना बांधल्या जाणाऱ्या सुती स्कार्फखाली घाम आणि धूळ साचते, शिवाय सांध्याशी घर्षण होते. आत साटीनसारखे गुळगुळीत अस्तर घेतल्यास फरक पडतो.

धुण्याची रीत

१. केस कोरडे असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर असा गुंता सोडवावा.

२. केस पूर्ण भिजवून चार भाग करावेत. प्रत्येक भागाच्या टाळूवर हलका कंडिशनर लावून बोटांच्या पेरांनी तीन ते पाच मिनिटे चोळावे. नखे वापरू नयेत.

३. सांध्याच्या जागी चोळू नये. कंडिशनर फक्त वरून खाली सरकवावा.

४. बादली-तांब्याने धुताना केस पुढे ओढून डोक्यावर गोळा करू नयेत. मागे सोडून पाणी वरून खाली वाहू द्यावे. शाम्पूपेक्षा अधिक वेळ आणि अधिक पाणी लागते. पाणीटंचाईच्या दिवसांत ही पद्धत अपुऱ्या पाण्यात उरकण्यापेक्षा सौम्य शाम्पू बरा.

५. लांबीवर पुन्हा थोडा कंडिशनर लावून दोन मिनिटांनी धुवावा.

६. जुन्या मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. केस झटकू नयेत, ओले बांधू नयेत.

७. तीन-चार धुण्यांनंतर एकदा सल्फेटविरहित सौम्य शाम्पू फक्त टाळूला लावावा. साचलेला थर त्याने निघतो.

कोणी या वाटेला जाऊ नये?

कोंडा, टाळूवर पुरळ, खाज किंवा जखमा असतील, तर केवळ कंडिशनरने धुणे टाळावे. कोंड्याला औषधी शाम्पूच लागतो आणि तो त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने घ्यावा. टाळू मुळातच तेलकट असणाऱ्यांनी आणि रोज व्यायामाने घाम गाळणाऱ्यांनीही सौम्य शाम्पूच वापरावा.

‘कंडिशनर सौम्य, म्हणजे निर्धोक’ हा समजही खरा नाही. केस स्वच्छ करणाऱ्या एका कंडिशनरबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ग्राहकांना सावध केले होते. प्रशासनाकडे थेट आलेल्या तक्रारी १२७ होत्या, तर उत्पादक व विक्रेत्यांकडे केस गळणे, तुटणे, खाज येणे अशा २१ हजारांहून अधिक तक्रारी पोहोचल्याचे उघड झाले. कोणता घटक कारणीभूत होता, हे त्या वेळी प्रशासनाला निश्चित सांगता आले नव्हते. यासाठी नवा कंडिशनर प्रथम कानामागे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी.

महिनाभराची परीक्षा

निवड योग्य ठरली की नाही, हे चार आठवड्यांत कळते. दुसऱ्या दिवशी टाळू खाजत असेल, नखाने हलकेच खरवडल्यावर पांढरा साका येत असेल किंवा केसांच्या बटा एकमेकींना चिकटत असतील, तर कंडिशनर जड आहे किंवा नीट धुतला जात नाही. कंगव्यात आलेला केसही पाहावा. टोकाला बारीक पांढरा ठिपका असलेला पूर्ण लांबीचा केस नैसर्गिकरीत्या गळालेला असतो. ठिपका नसलेले आखूड तुकडे मिळू लागले, तर केस तुटत आहेत असे समजावे आणि पद्धत त्वरित बदलावी.

कोणताही कंडिशनर सरळ केलेला केस मूळपदावर आणत नाही. नवा केस पुरेसा वाढेपर्यंत सांधा टिकवून धरणे एवढेच त्याचे काम आहे. दर दोन-तीन महिन्यांनी टोके थोडी कापत गेल्यास जुना भाग हळूहळू निघून जातो. केस खांद्यापर्यंत ठेवण्याची तयारी असेल तर साधारण दोन-अडीच वर्षांत संपूर्ण डोक्यावर पुन्हा एकाच प्रकृतीचे केस दिसू लागतात.